दरवाढीचा चेहरा

आमच्या दुकानाने सर्वांत कमी पगार असलेल्या कर्मचाऱ्यांना वाढ द्यायचे ठरवले, ते एका सोमवारी, दुकान उघडायच्या पाऊण तास आधी. सगळ्यांना तळमजल्यावर अत्तरांच्या विभागात उभे करण्यात आले. भिंतीवरच्या पडद्यावर अध्यक्ष महोदय दिसू लागले. त्यांच्या मागे पुस्तकांचे कपाट होते आणि पुस्तके रंगांप्रमाणे लावलेली होती. अध्यक्ष म्हणाले, की गेले कित्येक महिने त्यांना नीट झोप नाही. आपल्या सहाशे दुकानांत घाम गाळणारा शेवटचा माणूस त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणून त्या शेवटच्या माणसाचा ताशी दर अकरा टक्क्यांनी वाढवण्यात येत आहे. एवढे बोलून ते थांबले. पडद्यावर 'टाळ्या' अशी अक्षरे उमटली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. हा पाऊण तास कामाच्या वेळेत धरला गेला नाही. कृतज्ञता हे काम नव्हे, असे नंतर लेखी कळवण्यात आले.

'आम्ही' म्हणालो खरा, पण मी दुकानाचा माणूस नव्हे. मी दारावर उभा असतो. गणवेशावर नाव दुकानाचे आहे, पगार ठेकेदार देतो. त्यामुळे माझा पगार दुकानातल्या सर्वांत कमी पगारापेक्षा कमी असूनही सर्वांत कमी पगाराच्या माणसांत माझी गणना होत नाही. शेवटच्या माणसाच्याही पलीकडे, पायपुसण्याजवळ, माझी जागा आहे. नोटिसांचा फळा माझ्या डाव्या हाताला येतो. चौदा वर्षे त्या वाचून माझी भाषाही तशीच झाली आहे. घरी बायको म्हणते, साधं मीठ मागतानासुद्धा तुम्ही 'उपलब्ध करून द्यावे' म्हणता.

तर, दुसऱ्या मजल्यावर शर्टांच्या विभागात एक बाई होत्या. त्यांना सगळे घडीबाई म्हणत. गिऱ्हाइके शर्ट उलगडतात, अंगाला लावतात, आरशात बघतात आणि तिथेच टाकून जातात. घडीबाई ते पुन्हा घडी घालून ठेवत. शर्ट पालथा टाकायचा, पाठीवर प्लास्टिकची पाटी ठेवायची, दोन्ही बाजू आत, बाह्या खाली, खालचा भाग वर, पाटी ओढून घ्यायची. नऊ वर्षांत त्यांचा हात असा बसला होता, की एका शर्टाला सात सेकंद लागत. गिऱ्हाईक तोच शर्ट तीन सेकंदांत उलगडते. या चार सेकंदांच्या तुटीमुळे त्यांची नोकरी टिकून होती.

दोन वर्षांपूर्वी गोदामातला कपडे टांगायचा लोखंडी दांडा निखळून त्यांच्या तोंडावर आला आणि समोरचा वरचा दात गेला. अहवालात 'कर्मचाऱ्याचा दात व दुकानाचा दांडा यांचा परस्परसंपर्क' अशी नोंद झाली. दांडा दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाला. दाताच्या बाबतीत, कर्मचारी दांड्याच्या मार्गात का उभा होता, असा खुलासा मागवण्यात आला. तेव्हापासून घडीबाई बोलताना ओठांवर हात धरत. हसू आलेच तर मान वळवत. नवरा जाऊन पाच वर्षे झाली होती. त्या आणि त्यांची थोरली नणंद दोन खोल्यांत राहत. नणंद कपडे धुण्याच्या दुकानात इस्त्रीला होत्या. वहिनी घरातसुद्धा हसायची बंद झाली, असे त्यांनी एकदा मला सांगितले होते.

त्या सोमवारी टाळ्या वाजवून झाल्यावर घडीबाई माझ्याजवळ आल्या आणि हाताआडून म्हणाल्या, "दादा, अकरा टक्के म्हणजे सहा-सात महिन्यांत दात बसेल बघा."

मला त्यांचे फक्त डोळे दिसत होते. ते हसत होते.

आता, शेवटच्या माणसाचे भले होणार हे जगाला कळायचे, तर शेवटच्या माणसाला चेहरा हवा. तो शोधायचे काम मनुष्यबळ विभागाच्या साहेबांकडे आले. हे साहेब वयाने लहान होते आणि सगळ्यांना ताई-दादा म्हणत. आपण सगळे एक कुटुंब आहोत, हे त्यांचे वाक्य जिन्याच्या प्रत्येक वळणावर लावलेले आहे. त्यांनी सहाशे दुकानांतल्या नोंदी चाळल्या आणि घडीबाईंना निवडले. निवडीचे कारण फळ्यावर लागले होते: या कर्मचाऱ्याच्या चेहऱ्यावर कष्ट दिसतात, परंतु ते पाहणाऱ्याला त्रास देत नाहीत.

छायाचित्र काढणारा आला. त्याने घडीबाईंना खिडकीजवळ बसवले आणि दात दाखवून हसायला सांगितले. त्यांनी हात बाजूला करून दातच नसल्याचे दाखवले. तो म्हणाला, काळजी करू नका. मग त्याने त्यांच्यासमोरच संगणकावर शेजारचा दात उचलला, उलटा केला आणि रिकाम्या जागी बसवला. दोन मिनिटे लागली असतील. घडीबाई वाकून बघत होत्या. "हे असंच बाहेर करून मिळतं का हो?" असे त्यांनी विचारले. छायाचित्रकाराला तो विनोद वाटला.

आठवड्याभरात दाराच्या वर दोन मजले उंचीचे चित्र लागले. घडीबाई बत्तीस दातांनी हसत होत्या आणि खाली लिहिले होते: 'शेवटची व्यक्ती, आमचा पहिला विचार.' सुटीच्या दिवशी त्या नणंदेला ते दाखवायला घेऊन आल्या. नणंद रस्त्याच्या पलीकडे जाऊन, डोळ्यांवर हाताची सावली करून बराच वेळ बघत राहिल्या. परत येऊन म्हणाल्या, "वहिनी, दात छान बसवलाय. घरी कधी आणणार?"

घडीबाई म्हणाल्या, "आणू या, वन्सं. पगार तर होऊ दे."

पगार झाला. दर कबूल केल्याप्रमाणे अकरा टक्क्यांनी वाढलेला होता. आठवड्याचे तास चाळीसवरून चौतीस झाले होते. त्याला 'कुटुंबासाठी वेळ योजना' असे नाव होते आणि नोटिशीवर सूर्यफुलाचे चित्र होते. चहाची पंधरा मिनिटे 'स्वायत्त' करण्यात आली होती, म्हणजे चहा घ्यायला पूर्ण मोकळीक होती, फक्त त्या मिनिटांचा पगार नव्हता. एकूण हातात आले ते आधीपेक्षा कमी आले.

काही चूक झाली असेल असे समजून घडीबाई चौथ्या मजल्यावर साहेबांकडे गेल्या. तिथे जे बोलणे झाले, ते त्यांनी मला परत येताना शब्दन्‌शब्द सांगितले.

"साहेब, माझा पगार कमी झालाय."

"ताई, दर वाढलाय."

"दर वाढला, पण हातात कमी आलं."

"हातात किती येतं, हा तुमचा वैयक्तिक प्रश्न झाला. त्यात आम्ही ढवळाढवळ करत नाही."

घडीबाईंनी विचारले, की तास कमी केले तर मग शर्ट तेवढेच का. साहेबांना हा प्रश्न आवडला. ते म्हणाले, तेवढेच शर्ट कमी तासांत म्हणजे तुमची कार्यक्षमता वाढली, आणि याचे सगळे श्रेय आम्ही दरवाढीला दिले आहे. उठता उठता त्यांनी आणखी एक आनंदाची बातमी दिली. उपाहारगृहात जेवणाचे कूपन फक्त सर्वांत कमी दराच्या कर्मचाऱ्यांना मिळते. घडीबाई आता त्या वर्गात बसत नाहीत, सबब कूपन बंद. साहेबांनी उभे राहून त्यांचे अभिनंदन केले.

खाली आल्यावर मजल्याच्या मुकादमाने तोंड फिरवले. हा मुकादम नऊ वर्षे त्यांच्यावर देखरेख करायला होता आणि त्याचा दर त्यांच्यापेक्षा जेमतेम एका पानाच्या विड्याइतका जास्त होता. तेवढ्यावर त्याची मान ताठ असे. दरवाढीने तो फरक पुसला गेला. त्याला अध्यक्षांचा राग आला नाही, साहेबांचाही आला नाही. अध्यक्ष फार उंचावर होते आणि साहेब दुसऱ्या जिन्याने येत-जात. घडीबाई हाताशी होत्या. त्या दिवसापासून त्यांनी घडी घातलेला एखादा गठ्ठा तो रोज मोडून बघू लागला. त्याची बाजू रास्त आहे असे दुकानालाही वाटले. त्याला पैशांऐवजी 'वरिष्ठ' हा शब्द देण्यात आला आणि तो छातीवर लावायची पट्टी त्याच्याच खर्चाने झाली.

इकडे चित्राचा परिणाम होऊ लागला. लोक खाली चित्र बघून भारावत आणि दुसऱ्या मजल्यावर त्या बाईंना बघायला जात. शेवटच्या माणसाचे भले झाल्यावर तो कसा दिसतो, याची लोकांना उत्सुकता होती. तिथे त्यांना एक बाई दिसे. ती खाली मान घालून भराभर घड्या घाली आणि कोणी बोलले की तोंडावर हात धरी. लोकांचा विरस होई. एका गृहस्थांनी तर तीन पानी तक्रार लिहिली, ती मीच पेटीत टाकून घेतली. खरी बाई लपवून दुकानाने दुसरीच, आंबट चेहऱ्याची बाई उभी केली आहे आणि ग्राहकाच्या भावनेशी हा खेळ आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी त्याच फेरीत चार शर्ट घेतले होते. आवडले नाहीत तर परत करायची सोय आहे ना, हे मला दोनदा विचारून घेतले.

तक्रारीची दखल घेतली गेली. घडीबाईंना नोटीस आली. नोटीस फळ्यावर नव्हती, हातात दिली होती. पण त्यांनी ती मला वाचायला दिली, कारण ही भाषा मला येते. 'चित्र व कर्मचारी यांत तफावत आढळून आली आहे. चित्र सक्षम अधिकाऱ्यांनी मंजूर केलेले असल्याने कर्मचाऱ्याने सात दिवसांत चित्राशी सुसंगत व्हावे.'

मी म्हणालो, "बाई, ही संधी आहे. लिहा, की दुकानाने दात बसवून दिला तर मी लगेच सुसंगत होते."

माझ्या दाराजवळच्या स्टुलावर बसून आम्ही दोघांनी उत्तर तयार केले. चार ओळींचे होते. त्यातले 'सादर विनंती' एवढे माझे, बाकीचे त्यांचे. पहिल्यांदाच दुकानाने दाताचा गांभीर्याने विचार केला. कायदा विभागाने मत दिले, की दात बसवून दिल्यास दांडा दुकानाचा होता हे मान्य केल्यासारखे होईल. तेव्हा दात देता येत नाही. चित्र उतरवता येत नाही, त्यावर खर्च झाला आहे. उरली घडीबाईंची जागा. तफावत दूर करण्यासाठी त्यांना तळघरात, परत आलेल्या मालाच्या विभागात नेमण्यात आले. तिथे गिऱ्हाईक जात नाही. खिडकीही नाही. रोज सकाळी त्या आपल्याच हसऱ्या तोंडाखालून आत येत आणि जिना उतरून जात. मी नमस्कार करी. त्या मान हलवत. बोलणे कमी झाले होते.

दोन महिन्यांनी दुकानाला पुरस्कार मिळाला, 'माणुसकीचा व्यापार' या नावाचा. समारंभ तळमजल्यावर, माझ्या डोळ्यांदेखत झाला. अध्यक्ष महोदय स्वतः आले होते. पडद्यापेक्षा बुटके होते. शेवटची व्यक्ती म्हणून घडीबाईंना तळघरातून वर आणण्यात आले आणि साहेबांनी त्यांना मिटल्या ओठांनी हसायचा सराव करून घेतला. सगळे सुरळीत चालले होते. पण वार्ताहरांतली एक मुलगी पुढे झाली आणि तिने घडीबाईंना विचारले, की दरवाढीनंतर तुमच्या आयुष्यात काय बदलले.

साहेब पुढे झाले, पण बोलणे संपेपर्यंत पोहोचले नाहीत. घडीबाईंनी हात तोंडाकडे नेला आणि मग का कोण जाणे, खाली घेतला. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचे अख्खे तोंड पाहिले.

"आठवड्याचे सहा तास गेले," त्या म्हणाल्या. "चहा गेला, कूपन गेलं. दात मिळाला, तो वर लावलाय."

आणि त्यांनी बोट वर केले. सगळ्यांनी माना वळवून काचेतून त्या चित्राच्या कडेकडे पाहिले. मग अध्यक्ष महोदय हसले, म्हणून सगळे हसले, आणि टाळ्याही झाल्या. त्या वेळी पडद्यावर अक्षरेसुद्धा नव्हती.

संध्याकाळपर्यंत ते बोलणे लोकांच्या मोबाईलवर पोहोचले होते. लोक खवळले. असे खवळलेले लोक मी चौदा वर्षांत पाहिले नव्हते. घडीबाईंचे आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांचे तास परत द्या, दात बसवून द्या, अशा निवेदनावर चार दिवसांत एक्केचाळीस हजार सह्या झाल्या. दारापुढे फलक घेऊन गर्दी उभी राहिली. घोषणा देऊन घसा बसला की काही जण आत प्रसाधनगृहात जात आणि येताना हातात पिशवी असे. घडीबाई तळघरातून वर येऊन हे सगळे काचेआडून बघत होत्या. इतकी माणसे आपल्या दातासाठी भांडताहेत, हे त्यांना खरेच वाटत नव्हते. त्यांनी त्या दिवशी नणंदेला दातांच्या दवाखान्यात चौकशीला पाठवले.

दुकानाने निवेदनाला उत्तर दिले आणि ते फार नम्र होते. ग्राहक हाच आमचा मालक आहे, तास परत देऊ, दातही देऊ, असे त्यात लिहिले होते. मात्र त्यासाठी प्रत्येक शर्टाची किंमत एका बटणाच्या किमतीइतकी वाढेल. ग्राहकांना हे मान्य असल्यास दाराजवळ ठेवलेल्या वहीत आठ दिवसांत सही करावी. मान्य करणाऱ्यांची संख्या पाहून निर्णय घेण्यात येईल.

वही माझ्याच ताब्यात दिली. पेन दोरीने बांधले होते. पहिल्या दिवशी सकाळी नणंद कामावर जाता जाता आल्या आणि पहिली सही त्यांनी केली. दुसरी मी केली. मग मी वाट बघत उभा राहिलो.

लोक येत होते, वही वाचत होते. काल फलक धरून उभ्या असलेल्या एका तरुणाने विचारले, की बटणच लावले नाही तर किंमत तीच ठेवता येईल का. एक प्राध्यापक बाई म्हणाल्या, की मागणी अगदी न्याय्य आहे, पण बोजा ग्राहकावर का, नफ्यातून द्या. हे बरोबरच होते. तसे लिहून द्या म्हणून मी पेन पुढे केले, तर त्यांना उशीर होत होता. एक गृहस्थ म्हणाले, सगळ्यांनी सही केली की मी करतो. एकीने सही केली, मग किंमत खरेच वाढणार का म्हणून खात्री करून घेतली आणि सही खोडली. तीन पानी तक्रारवाले गृहस्थही आले होते. चार शर्ट परत करायला.

आठव्या दिवशी वहीत एकोणीस नावे होती. त्यातले तेरा जण या दुकानात कधी काही विकत घेत नाहीत. त्यांना परवडत नाही.

नवव्या दिवशी फळ्यावर नोटीस लागली. एक्केचाळीस हजारांपैकी एकोणीस, हा ग्राहकांचा स्पष्ट कौल असल्याचे तिच्यात नमूद होते. ग्राहकांना किमतीची एवढी काळजी आहे हे लक्षात आल्यावर दुकान स्वस्थ बसू शकत नव्हते. सबब शर्ट एका बटणाच्या किमतीने स्वस्त करण्यात येत आहेत आणि त्याची भरपाई म्हणून आठवड्याचे तास चौतीसवरून तीस करण्यात येत आहेत. दर मात्र पूर्वी वाढवल्याप्रमाणे वाढलेलाच राहील. दिलेला शब्द दुकान मागे घेत नाही.

घडीबाईंनी ती नोटीस उभ्याने वाचली. मला वाटले, रडतील. त्यांनी गळ्यातले ओळखपत्र काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "दादा, हे वर देऊन टाका. मी जिने चढत नाही आता." मग त्या दारातून बाहेर पडल्या, वर बघितले नाही, आणि कोपऱ्यावरून वळल्या.

त्या आता नणंदेच्या शेजारी कपडे धुण्याच्या दुकानात चादरींच्या घड्या घालतात. दर कमी आहे, तास पूर्ण आहेत, चहा मालकीण स्वतः करते. दात अजून बसलेला नाही. पण तोंडावर हात धरायचे त्यांनी सोडले, असे नणंद सांगत होत्या. परवा म्हणे इस्त्री करता करता दोघी कशावरून तरी पोट धरून हसल्या. चित्र अजून दारावर आहे. तो चेहरा दुकानाच्या मालकीचा आहे, तसे त्यांच्याकडून लिहून घेतले होते.

शर्ट स्वस्त झाले त्या दिवशी दारात रांग लागली होती. तुम्ही त्या रांगेत होतात. चेहरे लक्षात ठेवणे हेच माझे काम आहे, म्हणून सांगतो. जाताना मी तुमची पिशवी तपासली, पावतीवर शिक्का मारला, तेव्हा तुम्हीच वर बोट दाखवून विचारलेत, की त्या बाईंचं पुढं काय झालं. मी हे सगळे सांगितले, आता सांगितले तसेच. तुम्ही घाई न करता शेवटपर्यंत ऐकून घेतलेत. मध्ये दोनदा हळहळलात. "कमाल आहे या लोकांची," असेही म्हणालात, आणि ते मनापासून म्हणालात, हे मला दिसत होते.

मग दोन पावले गेलात, थांबलात, आणि मागे वळून विचारलेत, ही सवलत उद्याही आहे का.

आहे, म्हणालो. साठा असेपर्यंत.